आधी ऐकायचं

कोणीच बोलत नव्हते. ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या लहान खोलीत आम्ही चौघे उभे होतो, पाचवी व्यक्ती स्ट्रेचरवर आडवी होती, आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. ते मौन मलाच मोडायचे होते, आणि मी ते मोडत नव्हतो.

करुणासदन हॉस्पिटलात प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना होई आणि त्या प्रार्थनेला डॉक्टर आढावबाईंनी एक नियम घालून दिला होता. प्रार्थना करणाऱ्याने तोंड उघडण्यापूर्वी गप्प उभे राहायचे. किती वेळ, ते ठरलेले नव्हते. "आधी ऐकायचं, मग बोलायचं," त्या म्हणत. "पाठ केलेली प्रार्थना मला नको. ती देवालाही पाठ असते." आमचे पाळक रेव्हरंड भिंगारदिवे हे मौन वीस-पंचवीस श्वासांत संपवीत. ते महिनाभरासाठी परगावी गेले होते आणि त्यांचे काम माझ्याकडे आले होते.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. मराठी घेऊन बी.ए. झालो होतो, हॉस्पिटलच्या ऑफिसात केसपेपर लिहीत होतो. मला पाळक होण्यासाठी सेमिनरीत पाठवायचे की नाही, ते चर्चच्या मंडळीची कमिटी येत्या रविवारी ठरवणार होती. माझ्या शिक्षणाविषयी कमिटीला शंका नव्हती, पाचारणाविषयी होती. रणभिश्यांच्या शांतवनला खरोखर हाक आली आहे का, एवढाच तिचा प्रश्न होता. तो मलाही होता.

त्या मंगळवारी मी एक प्रार्थना रचून आणली होती. रचून, हाच शब्द योग्य आहे. तिच्यात प्रकाशाने धुतलेले हात होते, आणि जखमेच्या काठावर उगवणारी सकाळ होती. नियमाप्रमाणे गप्प उभा राहून मी तिच्या ओळी आतल्या आत लावून पाहत होतो, आणि दर वेळी पहिल्याच ओळीच्या आड एक क्षुल्लक वस्तू येत होती. चहात बुडवलेली खारी.

मी ती बाजूला सारली. मन भटकते, त्याला रागावू नये, हळूच वळवून आणावे, असे रेव्हरंडांनी शिकवले होते. मी वळवून आणले. खारी पुन्हा आली, कडा भिजून मऊ झालेली, कपाच्या काठाशी टेकलेली. मला स्वतःची लाज वाटली. एका स्त्रीचे पोट उघडले जाणार होते, मी देवापुढे उभा होतो, आणि मला बेकरी दिसत होती.

मी एक डोळा किंचित उघडला. स्ट्रेचरवरून राहेलबाई पाटोळे एकाच डोळ्याने माझ्याकडे पाहत होत्या.

"शांतवन?" डॉक्टरबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. त्यांनी स्वतःचा नियम मोडल्याचे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"यांनी सकाळी काही खाल्लं आहे," मी म्हणालो.

भूल देणारे डॉक्टर कुरियन यांनी मान वर केली. सिस्टर लीला वाघचौरे यांनी हातातला कागद उलटून पाहिला. "शक्य नाही. साडेसहाला मी स्वतः विचारलं. हे काय, लिहिलंय, उपाशी."

"तुम्हाला कोणी सांगितलं?" डॉक्टरबाईंनी मला विचारले.

उत्तर दोन शब्दांचे होते आणि ते माझ्या जिभेवर होते. मी म्हणालो, "प्रार्थनेत जाणवलं."

डॉक्टरबाई स्ट्रेचरवर वाकल्या. "राहेलबाई, खरं का हे?"

"चहा घेतला अर्धा कप."

"आणि?"

"खारी."

"किती?"

"दोन." राहेलबाईंनी छताकडे पाहिले. "तीन. पण लहान होत्या."

कुरियननी मास्क खाली ओढला. "आजी, मी भूल दिली असती आणि तुम्हाला ओकारी आली असती, तर ती सगळी छातीत गेली असती. मग ते पित्ताचे खडे राहिले असते बाजूला."

"मग आता कापत नाही का?"

"आज नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आज वॉर्डात. शुक्रवारी बघू."

स्ट्रेचर वळला. जाता जाता सिस्टर लीला माझ्यापाशी क्षणभर थांबल्या आणि पुटपुटल्या, "प्रभूची स्तुती असो." गेली दोन वर्षे त्या मला 'ए केसपेपर' म्हणून हाक मारीत होत्या. त्या दिवशी त्यांनी वाट देण्यासाठी अंग चोरले.

खरे काय घडले होते ते येथेच सांगतो. त्या सकाळी पावणेसातला मी स्त्रियांच्या वॉर्डात गेलो होतो. ज्यांची शस्त्रक्रिया असे त्यांच्या कॉटपाशी पाळक दोन मिनिटे थांबत, मीही थांबलो. राहेलबाईंनी माझा सदरा धरून मला खाली वाकवले.

"एक प्रार्थना कर माझ्यासाठी. पाप झालंय माझ्याकडून."

"कसलं पाप, आजी?"

"खोटं बोलले. सिस्टर आली होती, म्हणाली काही खाल्लं का, मी म्हटलं नाही."

"आणि खाल्लं होतंत?"

"ह्या शेजारणीची सून चहा घेऊन आली. खारी होती बरोबर. मी म्हटलं, आत गेले आणि परत आलेच नाही, तर? देवाच्या दारात उभं राहायचं आणि पोटात कावळे. बरं दिसतं का ते?"

मला हसू आले.

"दात नको काढू. खोटं बोलून चाकूखाली जायचं म्हणजे साधं आहे का? माफी मागून दे. लांबड नको, लहानशी चालेल."

मी लांबड लावली. असत्याविषयी, दुर्बळ ओठांविषयी, क्षमेच्या अथांगपणाविषयी मी बोललो, आणि मला माझा आवाज आवडला. शस्त्रक्रियेपूर्वी माणसाला उपाशी का ठेवतात हे मला ठाऊक होते. त्या इमारतीतल्या झाडूवालीलाही ते ठाऊक होते. तरी त्या खोटेपणाची क्षमा मागताना तो कशाविषयी होता याकडे माझे लक्ष गेले नाही. पाप मी उचलून देवापुढे ठेवले आणि खारी तिथेच कॉटवर सोडून दिली. वॉर्डाबाहेर पडताना माझ्या मनात एकच विचार होता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यापाशी पाप कबूल केले होते, आणि हे रविवारी कमिटीपुढे सांगता येईल का, याचा मी अंदाज घेत होतो.

दुपारी राहेलबाईंनी मला बोलावून घेतले. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, रद्द झालेल्या ऑपरेशनाचा त्यांना आनंदच झालेला दिसत होता.

"बरं केलंस बाबा, माझं नाव नाही घेतलंस," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आता हा सगळ्यांपुढे सांगतो, म्हातारीनं मला असं असं सांगितलं, ती सिस्टरशी खोटं बोलली. देवावर ढकललंस. हुशार आहेस."

"तुमच्यासाठी म्हणून नाही..."

"असू दे. देवाला सवय आहे."

"आजी, तुम्ही कोणाला बोलला नाहीत ना?"

"मी कशाला बोलू? माझीच लबाडी." त्या दात नसलेल्या तोंडाने हसल्या. "आता आपण दोघं सारखे."

त्या हसण्यापेक्षा मला माझा सुटकेचा निःश्वास अधिक स्पष्ट आठवतो.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता चॅपेलमध्ये प्रार्थनासभा भरे आणि तिच्यात लोक साक्ष देत, म्हणजे आठवड्यात देवाने आपल्यासाठी काय केले ते उठून सांगत. त्या बुधवारी सिस्टर लीला उठल्या. एका दिवसात ती हकीकत पुष्कळ वाढली होती. माझा चेहरा पांढरा पडला होता. माझा आवाज माझा राहिला नव्हता. मी राहेलबाईंच्या पोटाकडे बोट दाखवून 'तीन' हा आकडा उच्चारला होता. लोक 'आमेन' म्हणत होते. कमिटीचे दोन सभासद पहिल्या बाकावर बसले होते. त्यांपैकी एकाने मागे वळून माझ्याकडे पाहिले आणि मान डोलावली. डॉक्टरबाई आपल्या मांडीवरच्या हातांकडे पाहत होत्या. मी उठलो नाही. काल बोललो होतो ते एक वाक्य होते. आज मी जे केले त्याला शब्द लागले नाहीत.

सभा सुटल्यावर व्हरांड्यात डॉक्टरबाईंना बर्णबा जगधने यांनी अडवले होते. बर्णबा गवंडी होता, चाळिशी ओलांडलेला. त्याची बोटे सिमेंटने तडकलेली होती आणि ती तो सतत एकमेकांवर घाशीत असे. त्याची बायको सगुणा आठ दिवसांपासून स्त्रियांच्या वॉर्डात होती. साखरेच्या आजाराने तिचा उजवा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता.

"उद्या सकाळी," डॉक्टरबाई सांगत होत्या. "गुडघ्याखाली. परवावर नेलं तर विष वर चढेल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. तीनदा सांगितलं तुला."

"बाई, तुम्ही डॉक्टर. तुम्ही कापाच म्हणणार."

"मी हौसेनं कापत नाही, बर्णबा."

"तसं नाही म्हणत मी. पण पाय आहे तो. पुन्हा येत नाही." त्याने मला पाहिले आणि तो दोन पावले पुढे आला. "ब्रदर, बरं झालं भेटलात. आत्ता ऐकलं मी सगळं. तुम्हाला देव सांगतो. माझ्या सगुणेचं विचारा. तो कापा म्हणाला, तर ह्या पावली सही करतो. राहू दे म्हणाला, तर आज रिक्षात घालून घरी नेतो. तुम्ही सांगाल तसं."

मी डॉक्टरबाईंकडे पाहिले. त्यांनी घड्याळाकडे पाहिले. "सात वाजेपर्यंत सही हवी. मी ऑफिसात आहे." मग जाताना माझ्या जवळून, फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "तो माझं ऐकत नाहीये. तुमचं ऐकेल."

सहा वाजायला आले होते. बर्णबा चॅपेलच्या पायरीवर बसला आणि मी आत गेलो. बाक रिकामे होते. पश्चिमेच्या खिडकीतून आलेला उजेड फरशीवर तिरका पडला होता आणि त्यात धूळ इतकी स्थिर होती की ती लटकवून ठेवल्यासारखी वाटत होती. मी पहिल्या बाकावर बसलो.

काम अवघड नव्हते. बाहेर जाऊन एक शब्द उच्चारायचा होता. 'कापा.' डॉक्टरबाईंचे निदान बरोबर होते, त्याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. मी देवाच्या नावाने तो शब्द उच्चारला असता, तर सगुणाबाई वाचल्या असत्या. मी खरे सांगितले असते, तर तासाभरात रिक्षा आली असती. एका खोट्याने एक जीव वाचत होता आणि ते खोटे नवेही नव्हते, कालचेच होते, फक्त पुढे न्यायचे होते. ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे, आणि पुष्कळांनी मला विचारले आहे की मग अडचण काय होती. अडचण अशी होती की शस्त्रक्रियेत ती दगावली असती, तर बर्णबाच्या लेखी ती देवाने मारली असती. आणि ती वाचली असती, तर गुरुवारी दुसरा कोणी आला असता, शुक्रवारी तिसरा, आणि मी बोलत राहिलो असतो.

मी नियम पाळला. गप्प बसलो आणि ऐकू लागलो. पायाविषयी मला काहीही ऐकू आले नाही. शांती लाभली नाही. अशा प्रसंगी अंतःकरणात एक ऊब पसरते असे साक्षींमध्ये ऐकले होते. माझे तळवे गार होते. ज्याच्याकडून मी एका महान वाक्याची अपेक्षा करीत होतो, त्याने राहेलबाईंचे बोळके तोंड तेवढे माझ्यापुढे धरले होते. 'आता आपण दोघं सारखे.' मी ते बाजूला सारायला गेलो, आणि थांबलो. काल ती खारीही मी अशीच बाजूला सारली होती. जे सांगायचे ते पावणेसातलाच सांगून झाले होते, माझा सदरा ओढून, स्पष्ट मराठीत. आणि मी ते ऐकायला नऊ वाजता थिएटरबाहेर डोळे मिटून उभा होतो.

रविवारी कमिटीपुढे मी हेच सांगितले. कमिटीने मला तीन वर्षे थांबवले. ते योग्य झाले.

त्या संध्याकाळी चॅपेलच्या बाजूच्या दाराने मी स्त्रियांच्या वॉर्डात गेलो. सगुणाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. पायावर पांघरुणाचा भार येऊ नये म्हणून लोखंडी कमान लावली होती, आणि चादर तिच्यावर तंबूसारखी उभी होती. वास सगळीकडे होता. सिस्टर लीला औषधांचा ट्रे भरत होत्या. मला पाहून त्यांनी पदर सावरला.

"सिस्टर, यांना सांगितलं आहे का?"

"काय?"

"पायाचं."

"नवऱ्याला सांगितलंय ना. तीनदा."

"यांना?"

सिस्टर कॉटकडे पाहत राहिल्या. "बोलतच नाहीत त्या. परवापासून अशाच पडून आहेत. नवरा म्हणतो, तिला नका सांगू, हाय खाईल."

मी बाहेर आलो. बर्णबा पायरीवरून उठला.

"झालं, ब्रदर?"

"झालं."

"काय म्हणाला? जसं आलं तसं सांगा. राहेलबाईंचं सांगितलंत तसं."

"बसा, बर्णबाभाऊ."

"उभाच बरा आहे."

"राहेलबाईंनी खाल्लंय हे मला देवानं सांगितलं नाही. राहेलबाईंनी सांगितलं. सकाळी, त्यांच्या कॉटपाशी. मी विसरून गेलो होतो, ते थिएटरबाहेर आठवलं."

तो माझ्याकडे पाहत राहिला. भिंत सरळ आली आहे की नाही हे गवंडी जसे एक डोळा बारीक करून पाहतो, तसे. "मग तुम्ही सगळ्यांपुढे जे बोललात..."

"खोटं बोललो."

"आणि आत्ता सिस्टर साक्ष देत होत्या, तेव्हा?"

"गप्प बसलो."

"म्हणजे तुम्हाला काही ऐकू येत नाही."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याने फक्त माहिती पक्की करून घेतली.

"आलं होतं," मी म्हणालो. "म्हातारीच्या तोंडून आलं, म्हणून मी ते धरलं नाही."

"मग आता मी काय करू? सही करू का नको?"

"डॉक्टरबाई खरं सांगताहेत. हे मी माझ्या अकलेनं सांगतो आहे, त्याच्या नावानं नाही."

"तुमची अक्कल घेऊन मी काय करू, ब्रदर?" तो पायरीवर खाली बसला. "दोन दिवस उपास धरलाय मी. पाण्याशिवाय काही नाही. गुडघे टेकून टेकून दुखायला लागले. म्हटलं, बाबा, काहीतरी बोल. एक शब्द. नाही बोलला. मग म्हटलं, आपण अडाणी माणूस, दिवसभर विटा मोजणारे, आपल्याला कसं ऐकू येणार? ह्यांना येतं, तर ह्यांना विचारू. आणि तुम्ही हे सांगताय."

मी त्याच्या शेजारी बसलो. फाटकापाशी एक रिक्षा उभी होती आणि तिचा चालक आत झोपला होता. ती बर्णबानेच थांबवून ठेवली होती का, हे मी विचारले नाही.

"सगुणाबाई काय म्हणतात?" मी विचारले.

"कशाबद्दल?"

"पायाबद्दल."

"तिला काय विचारायचं? तिला सांगितलंच नाही मी. तिला कळलं तर ती तिथंच संपेल."

"भाऊ, वास त्यांनाही येतो."

बर्णबाने मान वळवून वॉर्डाकडे पाहिले.

"त्या परवापासून भिंतीकडे तोंड करून आहेत," मी म्हणालो. "तुम्ही डॉक्टरबाईंना विचारलंत, मला विचारलंत, दोन दिवस उपाशी राहून देवाला विचारलंत. त्या तुमच्यापासून वीस पावलांवर आहेत. त्यांना काही सांगायचं असेल, तर ते ऐकायला कोण गेलं?"

त्याने अंगठ्याच्या नखाने बोटावरची सिमेंटची खपली काढली, मग दुसरी काढली. ऑफिसातल्या घड्याळात साडेसहाचा एक ठोका पडला.

"विचाराल ना?" मी म्हणालो.

बर्णबाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. तो उठला, पायरी उतरून फाटकाच्या दिशेने चार पावले गेला, थांबला, आणि तिथून वळून, माझ्याकडे न पाहता, स्त्रियांच्या वॉर्डाच्या लांब व्हरांड्याने चालू लागला.